वादळाची बेगमी

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. 'ताई, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय म्हणे. इथे सगळे शांत आहेत. सासूबाईंनी आमसुलं वाळत घातलीत, मामंजी सुपाऱ्या सोलतायत, आणि धडधडतंय ते मला एकटीलाच. खरंच येईल का गं वादळ?' एवढं बोलून तू थांबलीस, आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. 'उद्या बोलू' म्हटलं खरं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तू यंदाच किनाऱ्यावर नांदायला आलीस. आपण दोघी घाटावरच्या. आपल्या माहेरी वारा म्हणजे उफणणीला लागतो तेवढाच. तुला भीती वाटते त्यात नवल नाही, आणि घरातल्यांना तू वेडी वाटत असशील तर तेही मी समजू शकते. म्हणून आज हातातली कामं बाजूला ठेवून बसले आहे. नीट ऐक.

येईल की नाही ते मला सांगता येणार नाही. हवामान खातं तीन दिवस आधीपासून दिशा सांगतं, वाऱ्याचा वेग सांगतं, पण नेमक्या कुठल्या गावात शिरणार ते शेवटच्या काही तासांपर्यंत हलत राहतं. म्हणून तू 'येईल का' हा प्रश्न सोडून दे. आलंच तर घरात काय लागेल, एवढंच धर. मलाही हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

३ जून २०२० आठवतो ना तुला? निसर्ग वादळ. नाव बांगलादेशानं दिलेलं, पण किती आपलं वाटतं ते! बुधवार होता. दोन दिवस टीव्हीवर एकच चाललेलं, मुंबईचं काय होणार. आमच्या श्रीवर्धनकडचं नाव कधीतरी खालच्या पट्टीत येऊन जायचं. आम्हालाही वाटलं, मुंबईचं वादळ आहे, आपल्याला थोडा वारा लागेल. ते दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान शिरलं ते अलिबागच्या दक्षिणेला, आमच्याच बाजूला. ताशी शंभराच्या वर वारा. तुझ्या सासरीही, दापोलीच्या किनाऱ्यानं हर्णैपर्यंत, त्यानं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तुझ्या सासूबाई आज शांत दिसतात, पण त्यांना एकदा शेजारी बसून विचार. त्या शांत आहेत की बोलत नाहीत, ते तुला कळेल. आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. ते तर आपल्याकडे शिरलंही नाही, समुद्रातूनच वर गुजरातला गेलं, तरी जाता जाता रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कलमं मोडून गेलं. त्यामुळे बातमीत आपल्या गावाचं नाव नाही, यावर विसंबून राहू नकोस. लांबून जाणारं वादळही लागतं.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट सांगते. वादळाची भीती सगळ्यांना वाटते, आणि तयारी करायची ती वादळाचीच, असं आपण धरतो. पण वादळ चार-पाच तासांचं असतं गं. ते सोसता येतं. त्याच्या मागून जो महिना येतो, तो बाईच्या अंगावर येतो. तू त्या महिन्याची तयारी कर.

कशी ते सांगते. आमच्या परसात विहीर आहे, बारमाही पाणी. पंप बसवला तेव्हा रहाट काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकला होता आणि दोर कुणीतरी गुरांना वापरला. वादळ गेलं, विजेचे खांब आडवे झाले, तारा भाताच्या खाचरांत लोळायला लागल्या. लाईट गेली ती महिना उलटून गेल्यावर आली. पाणी डोळ्यांपुढे, आणि वर काढायला काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठावर उभी राहून खाली पाहत होते. काळं, स्वच्छ पाणी, त्यावर पोफळीची पानं. आणि घरात हंडाभरही नाही. खालच्या आळीतल्या एका घरात जुना काथ्याचा दोर निघाला. त्या एका दोरावर अकरा घरांनी पाणी भरलं. दोन दिवसांत तळव्यांना फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. मी त्या दिवसापासून विहिरीवर नवा दोर ठेवते, आणि दर मे महिन्यात तो ओढून बघते.

म्हणून म्हणते, आधी पाणी. घरात जेवढी भांडी आहेत तेवढी आदल्या दिवशी भर. पिण्याचं झाकून वर ठेव, वापरायचं पिंपात. पण साठवलेलं पाणी चार दिवसांत संपतं, आणि मग दोर लागतो. वादळ झाल्यावर विहिरीत पानं पडतात, कधी मेलेला पक्षी असतो, किनाऱ्याजवळ खारं पाणीही शिरतं. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर मिळते, ती आधीच आणून ठेव, आणि नंतर किती टाकायची ते आरोग्यसेविकेला विचारून टाक. पाणी उकळूनच पी. सरपण ओलं झालं तर उकळणार कशावर? म्हणून चार मोळ्या लाकडं आणि शेणी घरात, उंचावर. गॅस आहे म्हणशील. आमच्याकडे रस्त्यावर झाडं पडली होती, सिलिंडरची गाडी कितीतरी दिवस आली नाही.

मग पीठ. हे कुणाच्याच डोक्यात येत नाही. आमच्या घरात तांदूळ होते, गहू होते, कडधान्य होतं, आणि दळलेलं पीठ दोन दिवसांचं. गिरणी लाईटवर. सासूबाईंनी माळ्यावरचं जातं उतरवायला लावलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी खुंटा धरला. मी समोर बसले. तांदळाचं पीठ बाहेर पडताना बघून त्या म्हणाल्या, 'हे मोडीत घालायला निघाला होतात ना तुम्ही?' त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी काही बोलले नाही, घास घालत राहिले. तुझ्या घरी जातं असेल तर ते कुठे आहे बघून ठेव. नसेल तर आजच दळण दे, दोन महिन्यांचं नाही, पंधरा दिवसांचं. जास्त दळलंस तर दमट हवेत जाळी धरेल.

तुझ्या सासूबाईंना 'वादळाची तयारी करूया' असं म्हणू नकोस. त्यांना तो शब्द शहरी वाटेल. 'पावसाळ्याची बेगमी या वर्षी आठ दिवस आधी उरकून घेऊया का?' असं म्हण. मग बघ त्या कशा उठतात. अगं, ही माणसं शेकडो वर्षं दर मे महिन्यात हेच तर करत आली आहेत. लाकूडफाटा भरायचा, भिंतींना झडी लावायच्या, कौलं चाळून घ्यायची, मीठ-मिरची-आमसुलं-सुकं भरून ठेवायचं. चार महिने बाहेर पडायचं नाही, असं धरूनच इथलं घर चालतं. हे त्यांच्याकडून शिकायचं, त्यांना शिकवायला जायचं नाही. आपण त्यात भर घालायची ती नव्या काळाच्या गोष्टींची: औषधं, चार्जिंग, पैसे, कागद.

औषधांचं सांगते. मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या आणून ठेव. घरात कुणाला इन्शुलिन असेल तर फ्रीज बंद पडल्यावर काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचार. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ते थंड ठेवता येतं, पण तुझ्या घरातल्या औषधाला ते चालेल का, हे त्यांनीच सांगायला हवं. शेजारी कुणाचे दिवस भरत आले असतील तर तिला दोन दिवस आधीच तालुक्याच्या गावी पाठवा. त्यात अजिबात हयगय नको. रस्ता बंद झाला की मग देवाचं नाव घेण्यावाचून हातात काही राहत नाही.

पैशांचं असं की पैसे काढायचं मशीन लाईटवर, मोबाईलवरचे पैसे रेंजवर. दोन्ही गेलं की दुकानदार नोटाच मागतो. घरात थोडे पैसे ठेव, शंभर-पन्नासाच्या नोटांत. पाचशेची मोड कुणाकडे नसते.

आणि फोन. हे बोलताना माझा आवाज अजून बदलतो. तू तेव्हा आईजवळच होतीस, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. टॉवर पडले, पाच दिवस आमचा ठावठिकाणा कुणाला नाही. टीव्हीवर उडालेले पत्रे आणि मोडलेले माड दाखवत होते, आणि आई त्यात आमचं घर शोधत होती. तूच मला नंतर सांगितलंस, ताटावरून उठायची म्हणून. सहाव्या दिवशी ह्यांनी मागचा डोंगर चढून कुठेतरी एक काडी रेंज पकडली आणि 'सगळे बरे आहोत' एवढंच सांगितलं. मला ते आधीच करता आलं असतं. वादळाच्या आदल्या रात्री एक निरोप पाठवायचा: 'उद्यापासून आठ दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नका. आम्ही शाळेत असू, सोबत अमुक अमुक जण आहेत.' एवढ्या दोन ओळींनी आईचे पाच दिवस वाचले असते. तू हा निरोप विसरू नकोस. मला पाठव, आईला पाठव, मुंबईत भावोजींनाही पाठव. बॅटरीवरचा एक रेडिओ घे. आकाशवाणी रत्नागिरी ऐकू येत राहील, निदान जगाशी धागा राहतो. आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर भिंतीवर कोळशानं लिही, मोबाईलमध्ये नको.

घर सोडायचं की नाही, यावर तुमच्याकडे वाद होणार. आमच्याकडे झाला. घर कौलारू, मातीच्या भिंती, आणि समुद्र दोन शेतांवर. मामंजी म्हणाले, 'या घरानं किती वारे पाहिले असतील, मोजलेत का?' ग्रामपंचायतीची रिक्षा 'शाळेत चला' असा कर्णा लावून दोनदा फिरून गेली, तरी ते ओटीवरून हलेनात. सासूबाई त्यांच्या बाजूच्या. मी तोंड वाजवून थकले. शेवटी ह्यांच्या मोठ्या बहिणीनं काय केलं, देवघरात गेल्या, देव्हाऱ्यातले देव एकेक करून ताम्हनात घेतले, स्वच्छ धोतरात बांधले, परडीत ठेवले आणि परडी सासूबाईंच्या हातात दिली. 'वन्सं, हे काय?' मी विचारलं. त्या म्हणाल्या, 'देव शाळेत निघालेत.' सासूबाई उठल्या. देव एकटे कसे जाणार? त्यांच्या मागून मामंजीही छत्री घेऊन निघाले. वाद घालून जे झालं नसतं ते एका परडीनं झालं. म्हाताऱ्या माणसांना घर सोडायला सांगणं म्हणजे त्यांचं आयुष्य सोडायला सांगण्यासारखं असतं. त्यांना काहीतरी हातात दे, जपून न्यायला. मग निघताना त्यांना पळून गेल्यासारखं वाटत नाही.

तुझं घर स्लॅबचं आहे, हे तुझं भाग्य. पण त्यामुळे तुला अजून एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. वारा झाला तर घरात शिरायचं, पाणी आलं तर घर सोडायचं. पक्कं घर वाऱ्याला पुरतं, समुद्राला नाही. वादळ येतं तेव्हा ते पाण्याचा फुगवटा पुढे ढकलत आणतं, आणि तो नेमका उधाणाच्या भरतीवर चढला तर खाडीकाठची, खालच्या अंगाची घरं पक्की असली तरी बुडतात. तुमचं घर खाडीपासून किती उंच आहे, हे आजच मामंजींना विचार. पूर्वी कधी पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते जुन्या माणसांना बोटानं दाखवता येतं.

भरतीची वेळ काढायला मला कोळीवाड्यातल्या एका काकींनी शिकवलं. त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि पाऊणपट करायची. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळीही आणि रात्रीही. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. निसर्गच्या दिवशी द्वादशी सरून त्रयोदशी लागत होती. भरती सकाळीच येऊन गेली होती आणि वादळ दुपारी लागलं. तेच दोन-तीन तास अलीकडे आलं असतं तर किनाऱ्यावरच्या आळ्यांचं काय झालं असतं, याचा विचार काकी अजून करतात. बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागलाय, हेही त्यांच्याकडूनच कळतं मला. काकींचा धाकटा दीर २००९ च्या नोव्हेंबरात, फयान वादळाच्या वेळी समुद्रात होता. तो परत आला, बरोबरच्या दुसऱ्या होडीतले आले नाहीत. तुमच्या हर्णैला तर एवढं मोठं बंदर. बाजारात मासे घ्यायला जाशील तेव्हा कोळणींशी भाव करून लगेच निघू नकोस. दोन शब्द बोल. हवामानाचं त्यांना जे कळतं ते आपल्याला मोबाईलवर मिळत नाही, आणि मोबाईलवरचं आपण त्यांना सांगू शकतो.

आता प्रत्यक्ष त्या दिवसाचं. गुरांची दावी सोडून दे. बांधलेल्या गाईला गोठा कोसळताना पळता येत नाही. आमची कपिला मोकळी होती म्हणून वाचली, विहिरीच्या कठड्याला अंग लावून उभी राहिली दिवसभर. माडावरचे तयार नारळ आणि वाळक्या झावळ्या आधीच पाडून घे, नाहीतर वाऱ्यात एकेक नारळ तोफेच्या गोळ्यासारखा येतो. अंगणात सैल काही ठेवू नकोस, बादली नाही, पाट नाही, कुंडी नाही. पत्र्यांवर नुसते चिरे ठेवून भागत नाही, चिरेच खाली येतात. पत्रे तारेनं वाशांना बांधून घ्या. मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद. आणि मग आत, ज्या खोलीला बाहेरची भिंत कमीत कमी आहे तिथे बसायचं. जुन्या घरात माजघर, तुमच्या घरात जिन्याखालची खोली.

आम्ही शाळेत चाळीसेक माणसं होतो. करोनाचे दिवस, तोंडाला फडकी बांधलेली, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना लोक थोडं लांब बसवत होते. वारा वाढला तसं ते अंतर आपोआप मिटलं. दुपारी एकच्या सुमारास वारा एकदम पडला. एकदम. पाऊस थांबला, उजेड वाढला, कावळा ओरडलेला ऐकू आला. सगळे म्हणाले, गेलं. मामंजी उठले आणि कुणाला न सांगता पोफळीची वाडी बघायला निघाले. हे त्यांच्या मागे धावले. तेवढ्यात एक म्हातारे मास्तर दारात आडवे झाले आणि ओरडले, 'कुणी बाहेर पडू नका, हा डोळा आहे.' वादळाच्या मध्यभागी अशी शांतता असते, हे पुस्तकात वाचलेलं, पण त्या वेळी कुणाला आठवतं? दहा-पंधरा मिनिटांत वारा परत आला, आणि आला तो उलट दिशेनं. आधी डोंगराकडून होता, आता समुद्राकडून. सकाळपासून एका बाजूला वाकलेली झाडं दुसऱ्या बाजूला पिळली गेली आणि मुळातून उपटली. हे आणि मामंजी विहिरीच्या कठड्याआड, कपिलेशेजारी दोन तास बसून राहिले. मला ते दोन तास सांगता येत नाहीत. तुला एवढंच सांगते, वारा अचानक पडला की दाराला आडणा घाल आणि त्याच्यासमोर तू स्वतः बस. कुणालाही बाहेर जाऊ देऊ नकोस, वयाचा मान वगैरे त्या वेळी बाजूला ठेव. वारा हळूहळू कमी होत गेला तर ते खरं जाणं.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा माजघराच्या वर आभाळ दिसत होतं. पण मामंजींनी घराकडे पाहिलंच नाही. वाडीतल्या पोफळी सगळ्या एका अंगाला आडव्या होत्या, विंचरलेल्या केसांसारख्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणून जी नावाजलेली, ती ही. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. मामंजी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ते एका खोडावर बसले आणि हातानं त्यावरची वलयं मोजत राहिले.

दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. देवळामागचा वड मुळं वर करून पडलेला. बायका जमल्या खऱ्या, पण पूजा कशाची करायची कळेना. सासूबाई पुढे झाल्या आणि आडव्या खोडाला सूत गुंडाळायला लागल्या. फेऱ्या मारता येत नव्हत्या, म्हणून खोडावरून सुताचं रीळ एकीनं दुसरीकडे द्यायचं आणि दुसरीनं खालून परत करायचं. मी सासूबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा माझी म्हटलं, मनातल्या मनात.

अजून एक व्यवहाराचं, ते लिहून ठेव. उद्या सकाळी चांगल्या उजेडात घराचे चारी बाजूंनी फोटो काढ. वाडीत फिरून माड किती, पोफळी किती, कलमं किती ते मोजून वहीत लिही, मामंजींची सही घे. नंतर पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा पडलेलं दाखवावं लागतं. आम्ही वाट मोकळी करायच्या घाईत कितीतरी खोडं तोडून बाजूला केली आणि मग मोजणीला पुरावा राहिला नाही. तुम्ही आधी फोटो काढा, मग कोयता घ्या. सातबाराही बघून घे. आमच्याकडे त्यावर पणजोबांपासूनची बावीस नावं, निम्मे मुंबईत, दोघे कुठे आहेत माहीत नाही. मदत आली, पण कुणाच्या खात्यात जमा करायची यावर महिने गेले. हे काम वादळाआधी दोन दिवसांत होणारं नाही, पण पाऊस संपला की भावोजींच्या मागे लाग. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, मुलांचे दाखले, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, आणि ती पिशवी तुझ्या अंगाशी. कपाटात नाही.

आणि तुझ्याबद्दल. सगळ्यांना जेवायला घालताना, पाणी भरताना तुला कुणी विचारणार नाही की तू कशी आहेस. भावोजी मुंबईत आहेत, त्यांना यायला जमेल की नाही सांगता येत नाही. तुझी पाळी त्या दिवसांत येणार असेल तर त्याचं सामान आधी आण, लाजू नकोस. मी त्यात फार हाल काढले. भीती वाटली तर ती सासूबाईंना सांग. त्या तुला हसणार नाहीत. त्यांनी नऊवारीचा ओचा खोचून यापेक्षा वाईट दिवस काढलेत. रडू आलं तर चुलीपाशी बसून रड, धुराचं निमित्त असतं. पण घरातल्या मुलांसमोर सकाळची पेज वेळेवर मांड. वादळानंतर मुलं मोठ्यांच्या तोंडाकडे बघत असतात, आणि वेळेवर आलेली पेज बघून त्यांना वाटतं की सगळं ठीक होणार आहे. माझ्या धाकट्यानं मला हे मोठा झाल्यावर सांगितलं.

बाकी उद्या-परवा बोलूच. पट्टा विरून गेला तर फार बरं, मग तुझ्या घरी पंधरा दिवसांचं पीठ आणि एक नवा दोर जास्तीचा असेल, एवढंच. पण आज दिवेलागणीच्या आत परसात जा, विहिरीवर रहाट आहे का आणि दोर वजन पेलतो का ते स्वतः ओढून बघ, भरलेली कळशी एकदा वर काढ, आणि मग मला फोन कर. मी वाट बघते.